कुंकवाला वाकलेली बाई

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. पोलिसात इतकी वर्षं काढल्यावर बाई एकतर गप्प होते नाहीतर तापट होते, आणि गप्प बसणं मला कधी जमलं नाही. नवरा म्हणतो, लग्नाच्या वेळीही तू अशीच होतीस. त्याचं काही ऐकू नका. पण त्या धामात माझा राग कुठे गेला, कुणी नेला, हे कळायला मला जो वेळ लागला, त्याची ही गोष्ट आहे. मी माधवी, हवालदार. माहेर खालापूरकडचं, सासर कर्जतच्या बाजूचं.

भातं कापून झाली होती आणि शेतातल्या वालाला फुलं आली होती. ठाकुरवाडीजवळ घाटात रुळाच्या कडेला एक बाई मेलेली सापडली. चंद्राबाई नाव, आमच्याच खालापूर तालुक्यातली, नवरा वारलेला. मालगाडीचा धक्का लागला होता. घाटात असं अधूनमधून होतं, कुणी फार विचार करत नाही. पण रुळावर काम करणाऱ्या माणसांनी जे सांगितलं ते विचित्र होतं. म्हणे ही बाई रुळात बसून खालून काहीतरी वेचून ओटीत टाकत होती. तिथं वेचण्यासारखं काहीच नव्हतं. हाका मारल्या तर ती हसली आणि परत वेचायला लागली.

तिच्या अंगावर मांजरपाटाची कोरी साडी होती. तशा साड्या कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याला निवांतधाम म्हणून एक जागा आहे, तिथल्या बायका नेसतात. देवव्रत नावाच्या एका मुंबईच्या माणसाचं ते फार्महाऊस. आधी तो घरांचे नकाशे काढायचा, मग दाढी वाढवली आणि बायका जमायला लागल्या. बहुतेक विधवा, काही टाकलेल्या. आत गेलेल्या बाईला भेटायला गेलं तर फाटकावर एकच उत्तर मिळायचं, 'इथं या नावाचं कुणी नाही.'

गोपाळकृष्ण ओगले सरांनाही तेच उत्तर मिळालं होतं. सर म्हणजे कर्जतचे जुने मुख्याध्यापक. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांची थोरली मुलगी प्रणिता, वैद्यकी शिकलेली, नवरा हायवेवर अपघातात गेला, आणि वर्षभरानं ती या धामात गेली ती परत दिसलीच नाही. सर इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या पोलीस ठाण्यात यायचे आणि बाकावर बसून राहायचे. कुणी चहा दिला तर घ्यायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, "माधवीताई, ती जिवंत आहे का नाही, एवढंच सांगा हो. तिची आई रोज ताट वाढते. मला ते बघवत नाही." आणि हा एवढा मोठा माणूस माझ्यासमोर तोंड झाकून रडला. मला रडणाऱ्या पुरुषांचं काय करावं कळत नाही. मी पाण्याची बाटली पुढे केली. जाताना त्यांनी तिचा कॉलेजातला एक फोटो माझ्या हातात ठेवला.

धामाविरुद्ध लेखी तक्रार कुणाचीच नव्हती. सगळ्या सज्ञान बायका, आपल्या मनानं राहणाऱ्या. चंद्राबाईच्या व्हिसेराचा, म्हणजे तिच्या पोटात काही विष होतं का त्याचा, अहवाल यायचा होता, तो कधी येईल ते देवालाच ठाऊक. साहेबांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं.

"ताई, तुम्ही जाता का? विधवा म्हणून?"

"जाते की. पण घरी तुम्ही सांगायचं."

साहेबांनी काही सांगितलं नाही, मलाच सांगावं लागलं. नवरा जेवत होता. म्हणाला, "म्हणजे मी मेलो?"

"सरकारी कामापुरता."

तो ताटावरून उठला. मग हात धुऊन आला, माझं मंगळसूत्र स्वतःच काढलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. "लवकर ये," म्हणाला, "मला मेलेलं राहायची सवय नाय." मी हसले, पण टिकली काढताना आरशात बघवेना.

भाजीचा टेंपो घेऊन धामात जाणारा माणूस आम्ही बदलला. आमचा शिपाई नीलेश त्या टेंपोवर बसला. दर आठवड्याला तो येणार, भाजी उतरवताना मी त्याला काय ते सांगणार, असं ठरलं. माझं काम दोनच गोष्टींचं होतं. प्रणिता आत आहे का, आणि आहे तर तिला जिवंत बाहेर कसं काढायचं.

मी गेले त्या दिवशी उन्हं छान पडली होती. फाटकातून आत फरसबंद अंगण, मागे फणसाची झाडं, त्यामागे एक बसकं घर, खिडक्या बंद. दारात एक जाडसर बाई तबक घेऊन उभी होती. केस बारीक कापलेले, चष्मा, आवाज अगदी हळू. म्हणाली, "नाव इथं दारातच ठेवा. आत सगळ्या बायच. मला थोरली म्हणतात." आणि तिनं तबकातली हळद-कुंकवाची बोटं माझ्या कपाळाकडे आणली.

मी पदर सावरला आणि पुढे वाकले. तिनं हळद लावली, कुंकू लावलं. तिच्या तोंडावरची एक रेघ हलली नाही. मला तर आतून भरूनच आलं. म्हटलं, विधवेला कुंकू लावणारी माणसं आहेत ही, इतकी वाईट नसतील. चौकशी सुरू करायची ही पद्धत नव्हे, हे मलाही कळतं. पण तेव्हा तसं वाटलं.

सकाळी मौन असायचं. उठल्यावर थोरली पितळी पेल्यातून सगळ्यांना काढा द्यायची, समोर उभं राहून प्यायला लावायची. मग वालाच्या शेतात निंदणी, मग जेवण. दुपारी देवव्रत ओट्यावर येऊन बसायचे आणि बोलायचे. त्यांचं बोलणं मला पहिल्या दिवसापासून कळलं नाही. वाक्य सुरू करायचे आणि मध्येच थांबून फणसाकडे बघत बसायचे. बायका डोळे मिटून ऐकायच्या. मी म्हटलं, एवढा मोठा साधू आहे, माझ्याच डोक्यात शिरत नसेल.

फणसाखालच्या घराला आतलं घर म्हणत. तिथं काही बाया राहतात एवढंच समजलं. त्यांना कुणी भेटायचं नाही. थोरली दोन वेळा जेवणाची टोपली घेऊन जायची आणि कडी लावून परत यायची. मी शेजारच्या बाईला हळूच विचारलं, "आत कोन असतं गं?"

"ज्यांचं झालं त्या," ती म्हणाली.

"काय झालं?"

"आपलं पन व्हईल." आणि ती हसली. हे असलं उत्तर ऐकून एरवी मी तिला दोन शब्द सुनावले असते. मी नुसती मान डोलावली.

मी ठरवून टाकलं की प्रणिता आतल्या घरात आहे. नीलेश आला तेव्हा त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, खात्री करा, साहेबांना आत शिरायला काहीतरी ठोस पाहिजे. मी त्याच्यावर खेकसले, हे मला स्पष्ट आठवतं, कारण त्यानंतर बरेच दिवस मी कुणावरच खेकसले नाही.

आधी तोंड सुकायला लागलं. कितीही पाणी प्या, जीभ टाळूला चिकटलेली. मग जवळचं दिसेना. भाकरी हातात घेतली की तिची कडा पसरल्यासारखी व्हायची. समोर बसलेल्या बाईचं तोंड म्हणजे नुसता पिठाचा गोळा. लांबचा डोंगर मात्र स्वच्छ. मी म्हटलं, चाळिशी लागली, बाहेर पडल्यावर चष्मा करू. असंच एकेक होत गेलं आणि मी एकेकाला कारण देत गेले. ऊन लागलं. पित्त झालं. रात्री झोप चांगली लागते म्हणून सकाळी जड वाटतं. इतकी झोप मला लग्नानंतर कधी मिळाली नव्हती, तर मी तक्रार कशाला करू?

आणि राग गेला. कुणी माझ्या पायावर पाय दिला तरी राग येईना. मला ते आवडायला लागलं होतं. मनात म्हणायचे, माधवी, तू चांगली बाई झालीस गं.

पुढच्या खेपेला नीलेशनं विचारलं, "मॅडम, काय कळलं?"

मला सांगायचं होतं काहीतरी, नक्की होतं. पण ते कुठं ठेवलं होतं तेच सापडेना. मी म्हटलं, "हितं बरं हाय रे. तू जेवलास का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. नंतर कळलं की त्यानं जाऊन साहेबांना सांगितलं, मॅडम बदलल्यासारख्या वाटतात. साहेब म्हणाले, बाई मुरलीय भूमिकेत, असंच पाहिजे. धन्य ते साहेब.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. वालाच्या शेतात माझा नवरा उभा दिसला. खिशावर हात ठेवून उभा होता. मी त्याला हाक मारली, जेवायला चल म्हटलं, तो काही बोलेना. जवळ गेले तर तिथं बुजगावणंही नव्हतं. बायका निंदत होत्या, कुणी मान वर केली नाही. मी बांधावर बसले आणि रडायला लागले, कारण मला एकदम पटलं की हा वारला आहे. कधी वारला ते आठवेना. त्याला कुणी नेलं, मी होते का तिथं, काही आठवेना, आणि आठवत नाही याचीच लाज वाटत होती. थोरली आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नका," म्हणाली, "अजून थोडे दिवस. मग रडू येणार नाही." तिच्या हाताला सुंठीचा वास येत होता. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

मी कोण म्हणून इथं आले आहे, हे मी विसरले होते असं नाही. ते होतं कुठेतरी. पण पोलिसातली माधवी हीच मला खोटी वाटायला लागली होती. ही विधवा खरी, आणि ती वर्दीतली बाई हिनं कधीतरी ऐकलेल्या गोष्टीतली. दोन्हीतलं कुठलं धरायचं याचा निकाल लागत नव्हता, आणि कुणी लावायला सांगतही नव्हतं.

मग एक दिवस नवीन बाई आली. खोपोलीकडची, पोरगीच म्हणायची, डोळे सुजलेले. भाऊ फाटकापर्यंत सोडून गेला. मी अंगण झाडत होते. थोरली तबक घेऊन दारात उभी होती, माझ्या वेळी होती तशीच. तिनं बोटं पुढे केली.

ती पोरगी झटकन मागे सरली. हात कपाळावर आडवा धरला आणि मान फिरवली. "मला नको," म्हणाली, "माजं गेलं." आणि भिंतीला टेकून हुंदके द्यायला लागली. थोरलीनं तबक खाली ठेवलं आणि तिला जवळ घेतलं.

मी केरसुणी हातात घेऊन उभी. काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. ती मागे सरली. मागे सरणारच. माझी विधवा मावशी अशीच सरायची. कुठेही तबक फिरायला लागलं की ते आपल्यापर्यंत यायच्या आधी ती उठून पाणी प्यायला जायची, म्हणजे कुणाला टाळायची पाळी येऊ नये. विधवा बाईला ते कुणी शिकवत नाही, अंगातच येतं. मग मी का नाही सरले? मी का वाकले?

उभ्याउभ्या बराच वेळ मी ते एकच घोकत होते. मी वाकले कारण मला सवय आहे. सवय आहे कारण माझा नवरा आहे. तो वारला असता तर माझी मान वाकली नसती. तो घरी आहे आणि मंगळसूत्र त्याच्या खिशात आहे. मला इतका आनंद झाला की मी तिथंच खाली बसले. आणि बसल्यावर दुसरी गोष्ट कळली. थोरलीला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. ते तबक स्वागताला नव्हतं. कोण खरी आणि कोण खोटी ते बघायला होतं. आणि मी तर अगदी पदर सावरून वाकले होते.

म्हणजे ती मला तेव्हापासून ओळखून होती, तरी ठेवून घेतलं. का ठेवलं? मला आठवलं की माझा पेला ती शेवटी भरायची, वेगळ्या भांड्यातून. मला वाटायचं, भांडं पुरत नसेल.

दुसऱ्या दिवशी काढा तोंडात धरला आणि मोरीवर जाऊन थुंकला. त्याच्या पुढच्या दिवशीही. हातपाय कापत होते, डोकं फुटत होतं, पण शेतात नवरा दिसेनासा झाला. आणि मग एका सकाळी शेजारणीनं माझी चादर ओढली तेव्हा माझ्या तोंडून अशी शिवी गेली की तिनं कानावर हात ठेवले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

नीलेशच्या टेंपोला अजून एक दिवस होता. मी नेहमीसारखी मंद चेहरा करून फिरत राहिले. दुपारी स्वयंपाकघरात थोरली आणि मी वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. शेंगा चांगल्या भरल्या होत्या. जवळचं अजून नीट दिसत नव्हतं, कधी दिसायचं, कधी पसरायचं. मला तिचं तोंड एकदा नीट बघायचं होतं. मी मुद्दाम आळसावल्या आवाजात बोलायला लागले.

"थोरले, येवढ्या शेंगा आन् तुमी आमटी करता? आमच्याकडं यांची पोपटी लावतात. मडकं, भांबुर्ड्याचा पाला, वर जाळ. आमटी कसली करता? यापायी तुमाला जेलात टाकायला पायजे."

ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, अगदी मोकळं, खांदे हलवून. पोलिसातली मी जेलाचं बोलून गेले, हे माझ्याही नंतर लक्षात आलं. तिला जेलाचं हसू का आलं, तेही लक्षात आलं. पण त्याहून जास्त म्हणजे तिचे पुढचे दोन दात दिसले आणि त्यांच्यामधली फट. सरांनी दिलेल्या फोटोतली कॉलेजातली पोरगी तशीच हसत होती. लांब केस, बारीक अंग, चष्मा नाही, आणि दातांत फट.

मी ज्या बाईला आतल्या घरात शोधत होते ती रोज सकाळी माझ्यासमोर उभी राहून मला पाजत होती.

"प्रणिताताई," मी म्हटलं.

तिचे हात थांबले. मग ती परत शेंगा सोलायला लागली. "डोळे निवळले वाटतं," म्हणाली. "घेत नाही का काढा?"

"तोंड सुकतं, भास व्हतात. धोतरा हाय ना त्यात?"

"आहे. थोडा." ती शहाण्या डॉक्टरणीसारखी बोलत होती, जशी एखादी खोकल्याच्या औषधाबद्दल बोलेल. "तुम्हाला जास्त द्यावा लागला. तुम्ही फार प्रश्न विचारत होता."

मी ओरडायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी विचारलं, "का पण?"

तिनं हातातली शेंग सोलून संपवली. मग सांगितलं ते असं. नवरा गेल्यावर ती माहेरी आली. धाकट्या बहिणीचं, सानवीचं, डोहाळजेवण होतं. घरभर बायका, फुलांची वाडी, गाणी. विधवांवरच्या अन्यायावर सर गावोगाव भाषणं करत, तिला लहानपणी ती पाठ होती. ओटी भरायच्या वेळी सर स्वतः तिच्याजवळ आले आणि म्हणाले, बाळ, तासभर माडीवर बस, सानवीच्या सासूला उगाच वाईट नको वाटायला. ती वर जाऊन बसली. खालची गाणी ऐकू येत होती. तास झाला, दोन झाले, कुणाला तिला खाली बोलवायची आठवण राहिली नाही.

"आईनं ताट पाठवलं वर," ती म्हणाली. "जिन्यावर ठेवून गेली."

या धामात ती आली तेव्हा इथल्या बायका रात्रंदिवस रडायच्या. देवव्रतांना त्यांचं काय करावं कळत नव्हतं, त्यांना स्वतःलाच झोप नव्हती. तिनं एकीला झोप यावी म्हणून काढा दिला. ती झोपली, उठल्यावर रडली नाही. मग दुसरीनं मागितला. देवव्रतांनीही मागितला.

"आणि चंद्राबाई?"

"तिला जास्त झालं. ती निसटली, मला सापडली नाही." पहिल्यांदा तिचा आवाज हलला. "ती चूक माझी."

मग ती उठली, हात पुसले आणि म्हणाली, "चला, बघायचंच आहे ना तुम्हाला." कडी काढून तिनं मला आतल्या घरात नेलं. तिथं बाया ओळीनं बसल्या होत्या, स्वच्छ आंघोळ घातलेल्या, वेण्या घातलेल्या. एक जण हवेतून काहीतरी वेचून दुसरीच्या पदरात टाकत होती, आणि ती दुसरी ते जपून धरत होती. सगळ्या हसऱ्या. मी त्यांना नावं विचारली. एकीलाही सांगता आलं नाही.

"बघा," प्रणिता म्हणाली, "कुणी रडत नाही."

मला तिच्या कानाखाली वाजवायची होती आणि तिला जवळही घ्यायचं होतं. दोन्ही एकदमच, आणि दोन्ही खरं. मी काहीच केलं नाही. बाहेर येऊन कडी तेवढी परत लावली.

ती पळून जाईल म्हणून मी तिच्या खोलीच्या दाराशी अंथरूण टाकलं. ती पळाली नाही. सकाळी काढा उकळला नाही, एवढंच. नीलेशचा टेंपो आला. मी त्याला इतक्या जोरात हाक मारली की त्याच्या हातातला दुधी पडला. "साहेबांना म्हनावं, अँब्युलन्सा घेऊन या. आन् आजच या, नायतर मी तुमच्या सगळ्यांची सालटी काढीन."

"मॅडम," तो म्हणाला, "बऱ्या झालात."

दुपारी गाड्या आल्या. बायका प्रणिताच्या भोवती कडं करून उभ्या राहिल्या, आमच्या थोरलीला नेऊ नका म्हणून हात जोडत होत्या. नुकतीच आलेली ती खोपोलीची पोरगीसुद्धा. देवव्रत ओट्यावर बसून फणसाकडे बघत होते, त्यांना उचलून गाडीत घालावं लागलं. प्रणिता स्वतःहून येऊन जीपमध्ये बसली.

ठाण्यात साहेबांनी तिला पुन्हापुन्हा एकच विचारलं, यात तुला मिळत काय होतं. जमीन? दागिने? कुणाचं काही घेतलेलं नव्हतं. जबाब देणार का म्हटलं तर म्हणाली, बाबांना येऊ द्या, मग बघू. एवढं सोडून तिनं तोंड उघडलं नाही. साहेब वैतागून बाहेर गेले. मला म्हणाले, "ताई, ही वेडी आहे का बदमाश?" मला ते सांगता आलं नाही. अजूनही येत नाही.

मीच सरांना फोन केला होता. ते धावतच आले. मी त्यांना बाहेरच्या बाकाजवळ गाठलं. आधी म्हटलं, "सर, जिवंत आहे. धडधाकट आहे. आत बसलीय." त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. असा आनंद मी या नोकरीत फार थोड्यांच्या तोंडावर बघितलाय, आणि पुढचं मला सांगायचं नव्हतं.

पण सांगितलं. चंद्राबाई. इस्पितळात नेलेल्या बाया, त्यातल्या काहींचं डोकं ताळ्यावर येईल, काहींचं सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणतात. काढा कुणी केला, कुणी पाजला. मलाही पाजला. सर ऐकत होते. हळूहळू त्यांनी माझे हात सोडले.

"पेपरात येईल का हे?" त्यांनी विचारलं.

"येईल."

"नावानिशी?"

"हो."

त्यांनी शर्टाची बाही सरळ केली. बराच वेळ ती सरळ करत राहिले. सानवीचं बाळ अजून लहान आहे, तिच्या सासरची माणसं कशी आहेत, शाळेचा पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, असं काहीतरी बोलले. मग माझ्याजवळ सरकून, अगदी हळू, ज्या आवाजात आपण दवाखान्यात बोलतो त्या आवाजात म्हणाले, "ताई, ती सापडली नाही, असं नाही का लिहिता येणार? आम्ही तिची वाट बघत राहू. तेवढं जमेल आम्हाला."

दार उघडं होतं. प्रणिता आत टेबलापाशी बसली होती. ठाणं काही मोठं नाही.

माझा राग उसळून वर आला, आणि तो कुणावर ओतायचा तेच मला कळेना. म्हातारा थरथरत होता. त्याच्या अंगावर ओरडले असते तर तो तिथंच कोसळला असता. मी त्यांचा दंड धरला आणि दारापर्यंत आणलं. ते उंबऱ्यात थांबले, पुढे येईनात. प्रणितानं त्यांच्याकडे बघितलं.

मग ती माझ्याकडे वळली. "घ्या लिहून," म्हणाली. "सगळं सांगते."

मी कागद पुढे ओढला. सुरुवातीला पूर्ण नाव लिहायचं असतं. सवयीनं मी तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं.

"त्याचं नको," ती म्हणाली. "तो बिचारा यात कुठेच नव्हता. प्रणिता गोपाळकृष्ण ओगले लिहा."

मी तसं लिहिलं आणि पद्धतीप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. सर दारातच उभे होते.